चार गाण्यांनंतर चपला परत

दुसरबीड,
शुक्रवार, १३ मार्च

चि. भागवत यास ताईचे आशीर्वाद.

हे पत्र लिहावं लागतंय याचं कारण एकच: तू फोन उचलत नाहीस. संक्रांतीला तू स्वतःहून फोन केलास, तिळगुळाचं दोन वाक्यांत उरकलंस आणि तिसऱ्या वाक्यात म्हणालास, की हर्षलला आपल्या डाळमिलीत गाण्याचं सभागृह काढायचंय, तू वाणिज्य शिकवलेलं आहेस, तर जरा हिशेबी नजरेने बघ आणि त्याला नाही म्हण. बघ आणि सांग असं नव्हे. बघ आणि नाही म्हण. त्यानंतर मी तुला नऊ वेळा फोन केला. दर वेळी तू एक तर अंघोळीला गेलेला होतास नाही तर बँकेत. निवृत्त माणसाला इतक्या अंघोळी लागत नाहीत. म्हणून हे पत्र, तेही स्पीड पोस्टाने, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

तुझा रक्तदाब ठीक आहे असं धरून चालते, कारण नसता तर सुचिताने कळवलं असतं (ती फोन उचलते). तिच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं तेल चोळायचं असतं, कपाटात जपून ठेवायचं नसतं, एवढं तिला सांग. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता रस्त्यापलीकडच्या हॉटेलाचा बोर्ड स्पष्ट दिसतो आणि त्या हॉटेलात दुपारी कोण बसलेलं असतं तेही दिसतं, त्यामुळे डोळ्याला आराम आहे, डोक्याला नाही. गहू काढून झाला. तुझा हर्षल माझ्याकडे दोन वेळा नीट जेवतो. पुण्याहून आला तेव्हा गालफडं बसलेली होती, ती आता भरली आहेत.

आता मुद्द्यावर येते. मिल तू शेवटची पाहिलीस ती दादांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे दहा वर्षं होऊन गेली. यंत्रं आपण विकली तेव्हाच. राहिली ती पत्र्याची शेड, तीनशेच्या वर रिकामी पोती आणि उंदीर. सातबाऱ्यावर अर्धी तुझी, अर्धी माझी, आणि गावाच्या तोंडी अजूनही पूर्ण दादांच्या नावाने, 'उकंडरावची मिल'. दिवाळीनंतर हर्षलने ती सगळी पोती उन्हात झटकली, उसवली आणि आतून पत्र्याला टांगली. आवाज घुमू नये म्हणून. मी आधी म्हटलं, शिकलेल्या पोरानं पोती शिवत बसावं काय. पण मग आत उभं राहून खाकरून पाहिलं. पूर्वी त्या शेडमध्ये एक माणूस खाकरला की सात माणसं खाकरल्यासारखं वाटे. आता एकच वाटतो. मुलाला काम येतं, हे मी तिथेच मनात नोंदवलं (तुला कळवलं नाही, कारण तू अंघोळीला होतास).

त्याची अडचण तुला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. पुण्याच्या कंपनीने त्याला एक एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे: परत ये, नाही तर जागा गेली. इकडे मेहकरचे हरिओमशेठ येत्या पाडव्यापासून शेड भाड्याने मागतात, हरभरा ठेवायला, महिना बारा हजार. त्यांनी तुला फोन केला तो मात्र तू उचललास. म्हणजे पाडव्याच्या आत मिल एक तर गाण्याकडे जाणार किंवा हरभऱ्याकडे, आणि हर्षल एक तर इथे राहणार किंवा जिथे त्याची गालफडं बसतात तिथे. तुझी सही हवी आहे आणि तुला ती द्यायची नाही, पण देत नाही असं मुलाला सांगायचंही नाही. सुचिता म्हणते, मुलीकडच्यांना काय सांगायचं, मुलगा काय करतो, गाण्याचं दुकान? हे मी समजू शकते. तुझं मात्र मला समजत नाही. तू छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होतास आणि एकाही कंत्राटदाराला तोंडावर नाही म्हणाला नाहीस, ते माझ्याकडून म्हणवून घेतो आहेस.

आणि पोरगं काही खुळं नाही. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी चहा घेताना मला म्हणाला, "आत्या, बाबांनी तुला नाही म्हणायला सांगितलंय ना?" मी खोटं बोलत नाही. हो म्हटलं. त्याने बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढलं आणि म्हणाला, "म्हण. पण निदान बघून म्हण."

तेव्हा मी बघायला घेतलं. बी.कॉम. झाले त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली, पण मागणी आणि पुरवठा अजून तेच आहेत. पहिल्यांदा मी चौकशी केली की इथला माणूस गाणं ऐकायला आजवर कधी पैसे मोजत आला आहे काय. उत्तर: नाही. देवळात फुकट, लग्नात फुकट, गणपतीत नको असलं तरी फुकट, आणि आता मोबाईलवर फुकट. उलट आपल्याकडे ज्याने गाणं ठेवलं त्याने ऐकणाऱ्याला जेवू घालायचं अशी रीत आहे. हे मी हर्षलला सांगितलं. तो म्हणाला, एकदा तिकीट लावून बघू. त्याने जालन्याची डिंपल नावाची मुलगी ठरवली, ऑर्केस्ट्रात गाते, भावाच्या मोटारसायकलवर मागे कीबोर्ड बांधून येते. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारी चार वाजता, तिकीट शंभर रुपये. आता पुढे जे झालं त्यात थोडी चूक माझी आहे. (थोडी. बाकीची चालीरीतीची.)

हर्षलने तिकिटं छापून आणली होती, गुलाबी. मी म्हटलं, दारात मी बसते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवता शिकवता फीचंही काम केलेली बाई नुसती तिकिटं फाडून देणार नाही. कोण आलं, कुठून आलं, किती दिले, हे लिहिलेलं असावं. म्हणून मी टेबल मांडलं, टेबलावर वही ठेवली, रेघा मारल्या: नाव, गाव, रक्कम. भागवत, तू इंजिनिअर झालास तरी इथलाच आहेस. मंडप घातलेला (हर्षलने दारात हौसेने घातला होता), आतून कीबोर्डचा आवाज, दारात टेबल, टेबलाशी गावातली वयस्क बाई, समोर वही. आपल्या माणसाला याचा एकच अर्थ होतो. पहिला आला तो पुंजाजी, आपल्या गल्लीतला, निवृत्त ग्रामसेवक. त्याने शंभर नाही, एकशे एक दिले आणि सांगितलं, "लिवा बाई. पुंजाजीकडून हर्षलले." मी लिहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, पैसे जास्तच होते. त्याच्यामागच्याने एक्कावन्न दिले. मी म्हटलं, शंभर आहेत. तो म्हणाला, "उकंडरावनं माह्या पोरीच्या लग्नात एक्कावन्नच देल्ते. तेवढेच होतात." आणि खरंच तेवढेच होतात, मी तेवढेच लिहिले.

त्यानंतर सगळा आहेरच झाला. कुणी पाकीट दिलं. साखरखेर्ड्याच्या एका कुटुंबाने खण आणि नारळ आणला. दोघांनी हर्षलला बाहेर बोलावून टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि कुंकू लावलं. तो आतमध्ये वायरी जोडत होता, तसाच कुंकू लावून पुन्हा जोडायला गेला. सत्यभामाबाई (गावातल्या अंगणवाडीत होत्या त्या) माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोराचं बरं झालं बाई. पन नेमकं काय हाय आज? साखरपुडा का दुकान?" मी म्हटलं, गाणं आहे. त्या म्हणाल्या, "ते असतेच. पन काय हाय?" आणि एवढं कमी म्हणून पुंजाजीने आत जाऊन माइक घेतला आणि माझी वही मागवून आहेर पुकारायला सुरुवात केली. डिंपल हातात दुसरा माइक घेऊन उभी. तिच्या गाण्याला टाळी पडली नाही तेवढी साखरखेर्ड्याच्या खणाला पडली.

ती गायली बरं का, चांगली गायली. वरच्या पट्टीत गेली की तुळयांवर दादांच्या वेळेपासून बसलेली तुरीच्या चुनीची धूळ खाली यायची आणि पहिल्या दोन रांगा शिंकायच्या, पण तो तिचा दोष नाही. तिसऱ्या गाण्यानंतर मागून चुळबुळ सुरू झाली आणि पुंजाजी दारात आला. "बाई, पंगत कवा बसते?" मी म्हटलं, कसली पंगत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडून पैसे घेऊन नाकबूल होते आहे. भागवत, शहाऐंशी माणसं. उकंडरावच्या मिलीतून शहाऐंशी माणसं उपाशी पाठवायची माझी हिंमत झाली नाही. दोन मोठी पातेली खिचडी चढवली, ढाब्यावरून शेवभाजी आणली, आणि कुणीतरी गोडाचं विचारलंच, तेव्हा हर्षल टोपीसकट मोटारसायकल काढून बुंदी घेऊन आला. डिंपलने दोनदा वाढून घेतलं आणि जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, आजवर एवढे प्रोग्राम केले, वेळेवर जेवण पहिल्यांदा मिळालं.

तेव्हा तिकीट लावून नफा किती, तर उणे. आणि ते एवढ्यावर थांबत नाही, कारण आता त्या सगळ्या घरांचा आहेर हर्षलच्या अंगावर आहे, तो त्याला परत करायचा आहे. वैशाखात अकरा लग्नं आहेत, सगळ्यांच्या पत्रिकांवर त्याचं नाव येईल. तुझं नाही येणार, तू येत नाहीस.

इथे मी तुला पत्र लिहून 'नाही' कळवणार होते. कागद काढलासुद्धा. पण पंगतीच्या वेळी मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती मला गप्प बसू देईना. डिंपल जेवायला बसली तेव्हा माइक मोकळा होता. पुंजाजीने एक भजन म्हटलं. ते संपेपर्यंत त्याच्यामागे तीन माणसं उभी राहिली होती. सत्यभामाबाईंनी गौळण म्हटली, मेहकरच्या एका निवृत्त कंडक्टरने जुनं सिनेमाचं गाणं म्हटलं, एकाने खंजिरी पिशवीतून काढली. म्हणजे तो जेवायलाही खंजिरी घेऊन आला होता. आणि ऐकत कोणीच नव्हतं. जो तो डोळे मिटून ओठातल्या ओठात आपलं गाणं घोकत आपला नंबर लागायची वाट पाहत होता. मी खिचडीचं पातेलं घेऊन उभी होते, ते तसंच हातात राहिलं. माझ्या लक्षात आलं की हर्षलने चुकीच्या माणसाला तिकीट लावलं. या तालुक्यात गाण्याला मागणी नाही, माइकला आहे.

पुढच्या गुरुवारी मी मिलीच्या दारावर खडूने लिहिलं: गाणाऱ्यास पन्नास रुपये, ऐकणाऱ्यास मोफत, पंगत नाही. वेळ पाच ते सात. (वही ठेवली नाही. टेबलही काढून टाकलं.) चौदा माणसं आली, चौदाही गाणारी. पैसे मुकाट्याने दिले, हसतमुखाने दिले, एकाने तर दोन गाण्यांचे दिले. मी मनात म्हटलं, झालं. पण झालं असं, की जो तो आपलं गाणं म्हणे आणि समोरच्या टपरीवर चहाला जाई. आठव्यापर्यंत शेडमध्ये सहा राहिले, बाराव्यापर्यंत दोन, आणि शेवटच्या माणसाने, तो खंजिरीवाला, एकट्या माझ्याकडे बघून आठ कडव्यांचं भजन म्हटलं. मी उठू शकत नव्हते, शेडचं कुलूप माझ्याकडे होतं. संपल्यावर त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "पैसे देले बाई, पन आयकलं कोनं? हे त मी घरी म्हशीपुढंबी म्हनतो." त्याचं म्हणणं रास्त होतं. पैसे घेऊन माल दिला नाही तर ती फसवणूक आहे. आम्ही विकत होतो ते ऐकणं, आणि ते दुकानात नव्हतंच.

यावर हर्षल पडदा, दिवे, खुर्च्या असे उपाय सांगू लागला. मी म्हटलं, बाळा, हा शाळेतला प्रश्न आहे, शाळेतलंच उत्तर लागेल. गाण्याच्या जागी चपला बाहेर काढतात, ही आपली जुनीच रीत. मी एवढंच केलं, की दादांची ती मोठी लोखंडी पेटी दारात ओढून आणली आणि चपला तिच्यात ठेवायला लावल्या. कुलूप माझं. दुसऱ्यांची चार गाणी शेवटपर्यंत ऐकली, की चपला परत. मध्येच बाहेर जायचं असेल तर जा, अडवणार नाही, अनवाणी जा. आणि मिलीसमोर रस्त्याच्या कामाची गिट्टी पसरलेली आहे, दिवसभर तापलेली, टोकदार.

पहिल्याच दिवशी पुंजाजीने परीक्षा पाहिली. त्याचं भजन झालं आणि सत्यभामाबाई उभ्या राहिल्या. त्या दोघांचं शेताच्या बांधावरून नऊ वर्षं बोलणं नाही. एक रस्त्याच्या उजवीकडून चालतो तर दुसरा डावीकडून. पुंजाजी उठला. "चपला द्या बाई." मी म्हटलं, चार झाली नाहीत. "हिचं त मी मेलो तरी आयकनार नाही." मी म्हटलं, मेल्यावर सवलत आहे, बसा. तो तिरीमिरीत अनवाणी निघाला. आम्ही सगळे दारातून पाहत होतो. दहा पावलं ताठ गेला, अकराव्याला वाकला, पंधराव्याला एका पायावर उभा राहिला. रस्त्यावर ट्रकवाल्याने थांबून विचारलं, "काका, काऊन नाचून राह्यले?" तेव्हा तो वळला, आला, आणि सगळ्यांत मागे भिंतीकडे तोंड करून, पोत्यांकडे बघत बसला. सत्यभामाबाईंनी तोवर गाणं थांबवलेलं होतं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला मी मागे पाहिलं तर त्याचं तोंड भिंतीकडेच होतं, पण उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. गौळण संपल्यावर तो भिंतीला उद्देशून म्हणाला, "गळा बराय. मधात जरा पळते." आणि सत्यभामाबाई छताला उद्देशून म्हणाल्या, "कोनाले सांगून राह्यला तो?" नऊ वर्षांनंतर एवढं पुष्कळ आहे.

असे तीन गुरुवार झाले. कालच्याला सोळा माणसं होती. मी दादांच्या लाकडी खुर्चीत पुढे बसते, कारण कुलूप सांभाळायला कुणीतरी लागतं. दुसरं काही कारण नाही.

आता तू मागितलेला निर्णय, वाणिज्याच्या भाषेत. सोळा गाणारे, पन्नास रुपये, महिन्याचे चार गुरुवार: बत्तीसशे. वीज, चहा आणि खडू वजा जाता दोन हजार हातात पडतात. हरिओमशेठ बारा देतात. हरभऱ्याला चहा लागत नाही, दोन हरभऱ्यांचं बांधावरून भांडण नसतं आणि त्यांच्या चपला सांभाळाव्या लागत नाहीत. तेव्हा निव्वळ नफ्याच्या नजरेने पाहता दुसरबीडला संगीत सभागृह काढणं शहाणपणाचं नाही. हे मी तुला लेखी देत आहे. तू सांगितलंस तसं मी हर्षललाही तोंडावर, स्पष्ट शब्दांत, नाही म्हणाले. तो म्हणाला, "बघून म्हणालीस ना?" मी म्हटलं, हो. "मग ठीक आहे," म्हणाला आणि पोतं शिवायला बसला.

तुझी जबाबदारी मी पार पाडली. सुचितास आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घे.

तुझी ताई,
कौशल्या

ता. क. वरच्या हिशेबात एक आकडा धरायचा राहिला. हर्षल प्रत्येकाचं गाणं रेकॉर्ड करून मोबाईलवर देतो, त्याचे दोनशे वेगळे. सोळापैकी अकरा जण घेतात, कारण ते मुंबईच्या सुनेला पाठवायचं असतं. शिवाय पाच गावांच्या भजनी मंडळांनी बाकीचे वार सरावासाठी विचारले आहेत. सगळं धरलं तर नफा हरभऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. पुढे जात नाही. हे वर का लिहिलं नाही, तर तू पत्राचा शेवट आधी वाचतोस आणि मला तुला दोन मिनिटं खूश ठेवायचं होतं.

ता. क. दुसरा. हरिओमशेठचं नाव वारंवार आलं म्हणून कळवते. ते मागच्या गुरुवारी टेप घेऊन शेड मोजायला आले. बूट काढावे लागले, ते पेटीत गेले, आणि चार गाणी होईपर्यंत शेठजी टेप हातात धरून माझ्या शेजारी मांडी घालून बसले. पाचव्याला कुणी उठेना, तर म्हणाले, "बाई, मैं भी एक बोलू क्या?" पन्नास रुपये घेतले, ओळख मध्ये आणली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, पहिलं कडवं ठीक, दुसरं पडलं. ते टेप गुंडाळत म्हणाले, घरी, दुकानात, सगळे 'वा शेठजी' म्हणतात, कोणी ऐकलेलं नसतं; पडलं असं तुम्ही म्हणालात म्हणजे तुम्ही ऐकलं. हरभरा ते मेहकरलाच ठेवणार आहेत. गुरुवारी साडेपाचची वेळ त्यांनी दिवाळीपर्यंत धरून ठेवली आहे. तेव्हा भाडेकरूही गेला. तुला फोन आला असेलच, उचललास का?

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं यासाठी. त्या शेठजींच्या बोलण्यापासून सगळ्यांनी एक खूळ घेतलं आहे: 'बाई समोर बसणार असतील तर पैसे भरतो.' मी टाळी वाजवत नाही, मान हलवत नाही, ठीक तर ठीक, पडलं तर पडलं. त्याचीच त्यांना तहान आहे. पण मी एकटी, आणि सोळा गाणी ऐकायचं वय माझं राहिलेलं नाही. आपल्या तालुक्यात गाणारे मुबलक आहेत, ऐकणारे मला अजून सापडलेले नाहीत. दादा गुरुवारी मिल बंद झाली की याच शेडमध्ये पोती सरकवून भजनाला बसायचे. दुसऱ्या भजनाला तू 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठायचास. त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, भागवत. आता तहान भागली असेल. पाडवा गुरुवारीच आहे, १९ तारखेला. ये. सही करायला येऊ नकोस, त्याची सोय खाली केली आहे. तुझ्या मुलाने पोती टांगून काय केलं आहे ते आत उभं राहून एकदा खाकरून बघ, आणि बस. चार गाण्यांच्या आत उठता येणार नाही, हे आधीच सांगते.

नोंद. काल, गुरुवार, १२ मार्च, संध्याकाळी सात वाजता, मिलीच्या दारात हर्षलच्या ताब्यात दिलं ते असं: मोठ्या दाराचं कुलूप आणि किल्ल्या दोन. (मागच्या दाराला किल्ली नाही, खांदा लावावा लागतो.) वीजबिलाची फाईल. खडूंचा डबा. दादांची लाकडी खुर्ची. तिच्या शेजारी दुसरी, मोकळी, पाठीवर खडूने 'भागवत' लिहिलेली. शेड वापरायचं संमतीपत्र, माझ्या सहीचं, आणि तुझ्या सहीच्या जागी 'भाऊ येऊन करेल' असं माझ्याच अक्षरात. लोखंडी पेटी, किल्लीसह, आत चपलांच्या जोड्या सतरा. पैकी सोळा गाणाऱ्यांच्या, मोजून परत केल्या. सतरावी माझी. ती हर्षलने काढून दिली नाही. म्हणाला, आत्या, माझं आज पहिलंच गाणं आहे, ते ऐक आणि जा. ऐकलं. दुसरं कडवं पडलं. पहिलं चांगलं होतं.